खाटेखालचे रातकिडे

नंदनवन, नागपूर
१२ डिसेंबर १९८३

चि. देवराव,

जयभीम.

काल सकाळी तुझ्या घरून निघण्याआधी मी एक काम केले, ते तुला सांगून आलो नाही. तू अंगणात तोंड धूत होतास. इंदू चहा टाकत होती. मी आईच्या खोलीत गेलो, वाकलो, खाटेखालून भिंतीकडे गेलेल्या वायरीचा प्लग उपटला आणि इंदूची विळी घेऊन वायर प्लगच्या मुळाशी कापली. प्लग खिशात टाकला. आई पाहत होती. "काय करून राहिला गा लहानू?" म्हणाली. मी म्हटले, "काही नाही वं माय, जुना झाला होता." आईशी मी खोटे बोललो. त्याचा रागही तुझ्यावरच आहे.

हे तुला तोंडावर सांगायला हवे होते. पण काल तोंड उघडले असते तर आईसमोर तमाशा झाला असता. दात आवळून बसमध्ये बसलो. आज कागदावर सांगतो.

पावरलूम बंद पडल्यापासून तू रिकामा होतास. पाखरवाल्या भैयाजीच्या मैना आणि बुलबुल जिवंत किडाच खातात, म्हणून तू घरी रातकिडे वाढवायला घेतलेस. माणसाने हात हलवून काही करावे, मला त्यात वावगे वाटले नाही. जीव वाढवायचा तो दुसऱ्याच्या चोचीत घालायला, हे मला रुचत नाही, पण तो माझा प्रश्न. मी त्यावर शब्द काढला नाही.

पण तू ते ठेवलेस कुठे? आईच्या खाटेखाली. तीन निळे प्लास्टिकचे टब, त्यात अंड्यांचे कागदी ट्रे उभे रचलेले, आणि प्रत्येक टबात सुतळीने टांगलेला साठचा बल्ब. वाळलेला कागद आणि बल्ब यांच्यात दोन बोटांचे अंतर. मधल्या टबाची कड भाजलेल्या पापडासारखी आत वळली होती. खोलीत शिरताच जो वास आला तो किड्यांचा नव्हता, प्लास्टिकचा होता. वर आईची गोधडी लोंबते, तिचे टोक टबाच्या तोंडाशी. आईला धड उठता येत नाही. गुडघे धरून आधी बसते, मग काठी शोधते, मग उभी राहते. खाली पेटले तर ती कधी उठणार?

जेवताना मी हे काढले, तर तू हसलास. "दादा, तुम्ही चिमणीच्या उजेडात शिकले ना, म्हणून लायटीले भेता," म्हणालास. इंदूही पदराआड हसली. मी कंदिलाच्या उजेडात सातवी शिकलो, खरे आहे. आमच्या गुरुजींनी कंदील कुठे ठेवू नये एवढे मात्र पहिल्या दिवशी शिकवले होते.

दोन वर्षांपूर्वी मी आईला इकडे आणले होते. आठ दिवसांत परत गेली. झोप लागत नाही, एवढेच म्हणाली. कांताने ते मनाला लावून घेतले, अजून लावून घेते. तुझ्याकडे आई सुखाने झोपते असे मी ऐकत होतो आणि समाधान मानत होतो. ती कशावर झोपते ते काल पाहिले.

टब त्या खोलीतून काढ. मला दुसरे काही नको.

तुझा दादा,
लहानू

---

कामठी
१६ डिसेंबर १९८३

ती. दादास,

जयभीम.

पत्र भेटले. आईची विचारपूस असन म्हणून इंदूने घाईने उघडले, त त्यातून विळी निघाली.

दादा, तुम्ही चोराचे काम केले. दुसऱ्याचे घर, दुसऱ्याची वायर. मी रविवारी दिवसभर भैयाजीकडे होतो. बल्ब बंद हायत हे मले काय माहीत? रात्री घरी येऊन जेवलो आणि पडलो. सोमवारी सकाळी पाहिले त टब थंडेगार. यंदाचा गारठा असा का बादलीत हात घालवत नाही. तिन्ही टबांत किडे उताणे पडले होते, पाय वर करून. एक हालेना. तिन्ही टब नेऊन उकिरड्यावर पालथे केले. दोन महिन्यांची मेहनत.

तुम्ही रोज सकाळी विहारात पंचशील म्हणता. पहिले शील जीव न मारण्याचेच हाय ना दादा? मी पाखराच्या पोटासाठी रोज मूठभर देतो. तुम्ही एका विळीने सारे मारले, कोणाच्याच पोटात गेले नाहीत, आणि घरी जाऊन मलेच उपदेश लिहिला.

आता आईचे ऐका. रविवारी रात्री ती झोपली नाही. "आज रात बोलत काहून नाही गा?" तीनदा विचारले, मी झोपेतच हूं म्हटले. तुम्ही मोठे हा, पण तुम्हाले एवढेही माहीत नाही. गाव सोडले तेव्हापासून तिले झोप नव्हती. वावराच्या कडेला जन्म गेला तिचा, कानात रातकिडे घेऊन झोपणारी बाई ती. तुमच्या घरून आठ दिवसांत परत आली ते वयनीच्या भाजीत मीठ कमी होते म्हणून नाही. तुमच्या इथे रात मुकी हाय म्हणून. आणि रातकिडा गरम राहिला तरच वाजते. थंड झाला का चूप. मी टब तिच्या खाटेखाली उगाच ठेवले नाहीत. तिनेच सांगितले, "इथंच राहू दे गा, पाठही शेकते."

तुम्हाले बल्बाची भीती वाटते ना? बल्ब काढून टाकले. पुन्हा किडे जमवले, आणि टबांच्या खाली विटांवर हीटरची क्वाइल बसवली. वर पत्रा. आता आत ना बल्ब ना वायर. झाले समाधान?

आईले पाहाले येत असाल त विळी घरी ठेवून या.

तुमचा,
देवराव

---

नंदनवन
२० डिसेंबर १९८३

चि. देवराव,

जयभीम.

तुझे पत्र शनिवारी आले. रविवारी सकाळी विहारात गेलो, हात जोडले, आणि पहिल्याच शीलाशी माझे तोंड थांबले. बाकीचे लोक पुढे म्हणत गेले. मी ओठ मिटून उभा राहिलो. कालही तसेच, आजही तसेच. तुला मारायचे होते तिथे तू बरोबर मारलेस. ते किडे माझ्यामुळे मेले. मी थंडीचा विचार केला नाही, आगीचा केला.

आणि आईच्या झोपेचे कारण मला माहीत नव्हते, हेही खरे. कांताला ते वाचून दाखवले. तिने चुलीवरची भाजी उतरवून ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मीठ बरोबर होतं." दोन वर्षांनी तिच्या डोक्यावरचे ओझे उतरले. त्याबद्दल मी तुझा आभारी आहे.

पण देवराव, टबाखाली शेगडी? अरे, डोके ठिकाणावर आहे का तुझे? मी तुला बल्ब काढ म्हटले नव्हते, टब खोलीतून काढ म्हटले होते. तू वाघाला हाकलून घरात साप आणलास आणि वर मला विचारतोस, झाले समाधान?

मी चिमणीच्या उजेडात शिकलेला माणूस, म्हणून स्वतः करून पाहिले. तुझ्यासारखाच निळा टब आणला. शेजारचा रुपराव वायरमन आहे, त्याच्याकडून जुनी क्वाइल घेतली. अंगणात विटांवर क्वाइल, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर टब, टबात कागदी ट्रे. कांता पाण्याची बादली घेऊन उभी होती. आधी काही झाले नाही. रुपराव म्हणाला, "पाहा भाऊ, काही होत नाही," आणि विडी काढली. ती विडी संपायच्या आत टबाचा तळ मऊ पडला, पत्र्याला चिकटला, आणि ट्रेचा खालचा कागद काळा पडत वर सरकू लागला. ज्वाळा नव्हती. नुसता धूर, पिवळा, घशाला चावणारा. देवराव, माणूस झोपेत असेल तर ज्वाळेची वाटच पाहावी लागणार नाही.

मग मी आणि रुपरावने डोके लावले. नीट वाच, हसू नकोस.

आच टबाच्या आत नको आणि खालीही नको. बाजूला हवी, आणि एकाच बाजूला. किड्याला फार गरम झाले की तो दुसरीकडे सरकतो, खाली दडतो. खालीच आच असली तर त्याने जायचे कुठे? लाकडाची पेटी करायची, मध्ये भोके पाडलेल्या पत्र्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडे चिनी मातीच्या होल्डरात पंचवीसचा बल्ब, त्याच्या तिन्ही बाजूंना पत्रा. पलीकडे टब, पडद्यापासून चार बोटे दूर. कागदी ट्रे टबाच्या लांबच्या टोकाला. टबावर प्लास्टिकचे झाकण नको, तारेची जाळी हवी, म्हणजे वाफ कोंडत नाही आणि बल्बावर पाणी ठिबकत नाही. आत थर्मामीटर. पारा तिसाच्या थोडा वर गेला की पुरे, किडे वाजतात. आणि पेटी आईच्या खोलीत नाही, भिंतीपलीकडे, खिडकीखाली. आवाज जाईल, आग जाणार नाही.

अशी एक पेटी रुपरावने बनवली आहे. येत्या शनिवारी कामठीच्या बसवर टाकतो, उतरवून घे. तोवर शेगडी बंद ठेव. हे मी मोठा भाऊ म्हणून सांगत आहे, विनंती नाही.

तुझा दादा,
लहानू

---

कामठी
२८ डिसेंबर १९८३

ती. दादास,

जयभीम.

पेटी भेटली. बस अड्ड्यापासून हमालाच्या डोक्यावर आणली. सारा मोहल्ला विचारून राहिला, कोणाचा पाळणा आणला देवराव? पंचवीसच्या बल्बात तीन टब गरम करता म्हणे! एक टब जेमतेम मावते त्यात. सध्या इंदूची कोंबडी त्यात अंडे घालते. खूश हाय बिचारी, तुमच्या नावाने ओरडते.

माझे काम चोख चालू हाय. किडे असे वाजतात का शेजारच्या महादेवरावले त्यांच्या घरी ऐकू जाते. आईची झोप पक्की.

तुमच्या रुपरावले एक गोष्ट सांगा, त्याच्याही कामी येईन. क्वाइल लावल्यापासून मेनवरचा फ्यूज घडीघडी उडे. तीनदा बांधला, तीनदा उडाला. तो केसासारखा तार असते ना, त्यात दमच नाही. मी लूमच्या मोटरीचा तांब्याचा जाड तार काढला, दोन पदरी केला आणि फ्यूजात घट्ट पिळून बसवला. त्यानंतर एकदाही उडाला नाही. सांगा त्याले, डिग्री लागत नाही, अक्कल लागते.

आईने तुम्हाले निरोप दिला, जसाच्या तसा लिहितो: "लहानूले म्हणा, एवढा धाक करू नको. मी ऐंशीले टेकली. मले मरायची भीती नाही, जागायची हाय."

तुमचा,
देवराव

---

नंदनवन
२ जानेवारी १९८४, दुपार

देवराव,

तुझे पत्र आत्ता आले. मी चार दिवस हिवतापाने अंथरुणावर आहे, म्हणून कांताने वाचून दाखवले. फ्यूजचे वाक्य ऐकले आणि तिला म्हटले, रुपरावला बोलाव. तो जेवत होता. ते वाक्य ऐकून हात न धुता तसाच उभा राहिला. "भाऊ, यानं फ्यूज नाही बसवला, यानं फ्यूज मारला," म्हणाला.

तो फ्यूज उडत होता म्हणून तू आजवर वाचलास. तो तुला तीनदा ओरडून सांगत होता की काहीतरी जास्त तापले आहे. तू त्याचा गळा दाबलास आणि शांतता झाली म्हणून मला पत्र लिहिलेस.

मला उभे राहता येत नाही. हे पत्र घेऊन रुपराव स्वतः येत आहे. त्याला मेनला हात लावू दे. तू मध्ये पडलास तर तो हात उगारेल, मी त्याला तशी परवानगी दिली आहे.

लहानू

---

कामठी
५ जानेवारी १९८४

ती. दादास,

जयभीम. हे पत्र इंदूच्या हातून लिहीत हाय, कारण माझ्या उजव्या हाताले थोडे लागले. रुपरावने तुम्हाले वाढवून सांगितले असन. विशेष काही नाही. खाटेची थोडी सुतळी जळाली. दोन टब गेले. भिंत काळी झाली, चुना मारला का दिसणार नाही. आईले खरचटलेसुद्धा नाही. तुम्ही तापात हा, येऊ नका. काही झाले त माझे झाले, माझे मी पाहून घेईन.

देवराव

मोठे भाऊजी, नमस्कार. वरचे ते बोलले तसे लिहिले. आता ते दवाखान्यात पट्टी बदलायला गेले आहेत, तर माझे लिहिते.

सुतळी नाही, खाट जळाली. आता नुसते पाय उरले आहेत. सोमवारी दुपारी सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. जेवण झाले, त्यांची पडायची वेळ झाली. मी हात धरून उंबऱ्यापर्यंत आणले. तिथे त्या थांबल्या. "किडे चूप काहून झाले वं इंदू?" म्हणाल्या. मी म्हटले, झोपले असतील. "या वक्ताले ते झोपत नाहीत," म्हणाल्या आणि पाय पुढे टाकेनात. मला राग आला, ऊन डोक्यावर, भांडी पडलेली. मी दार ढकलले. आत खोली दिसतच नव्हती, नुसता पिवळा धूर. मग गोधडीने पेट घेतला.

हे मागच्या अंगणात होते. धावत आले, तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेले, जळती खाट ओढून बाहेर काढली. वितळलेले निळे प्लास्टिक तळहाताला चिकटले, ते निघत नव्हते. त्याही हाताने त्यांनी पोत्याने आग झोडली. तुम्ही त्यांच्यावर रागवा, पण एवढे ध्यानात ठेवून रागवा.

खाट पेटली होती, आणि शेजारच्या खोलीतला बल्ब मजेत चालू होता. फ्यूज उडालाच नाही. महादेवरावांनी लाकडाने मेन पाडला. रुपरावजी आले तेव्हा सगळे विझून गेले होते. त्यांनी ती तार काढून यांच्यासमोर धरली.

अजून एक, भाऊजी. ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. तुम्ही वायर कापली तेव्हा किडे मेले नव्हते. गारठले होते. उकिरड्यावर टाकले आणि दहाच्या उन्हात सगळा उकिरडा उड्या मारू लागला. महादेवरावांच्या बायकोने ओरडून मोहल्ला गोळा केला. मी आणि हे सुपाने गोळा करत होतो आणि हसून हसून बेजार झालो. तेच किडे पुन्हा टबात टाकले. थोडे मेले असतील, सगळे नाही. तुमच्या पत्रात विहाराचे वाचले आणि मला जेवण गेले नाही. मी यांना म्हटले, भाऊजींना खरे लिहा. हे म्हणाले, "राहू दे, दादाले थोडं टोचू दे."

सासूबाई महादेवरावांच्या घरी निजतात. निजतात म्हणजे बसून असतात.

तुमची,
इंदू

---

नंदनवन
२३ जानेवारी १९८४

चि. देवराव,

जयभीम.

तुझी चिठ्ठी मिळाली. डाव्या हाताने लिहिलेली एकच ओळ: "दादा, तुम्ही आईले चोरून नेले." होय, नेले. तू भैयाजीकडे गेला होतास, मी तुझी वाट पाहिली नाही. कसे नेले ते तुला कळावे म्हणून लिहितो.

बुधवारी मी महादेवरावांच्या ओसरीवर आलो तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल. मी म्हटले, "माय, चाल." ती म्हणाली, "नाही." मी म्हटले, "देवरावच्या घरात आता तुला झोपवणार नाही." ती म्हणाली, "अन् तुह्या घरात मले झोप येणार नाही. मंग फरक काय गा?" मी चिडलो. आईवर आवाज चढवला, महादेवराव उठून आत गेले. मी म्हटले, "जळून मेली असती तू!" तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "किड्यायनं वाचवलं. तुह्या पत्रानं नाही."

मग पदराखालून एक लहान मडके काढले. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला. आगीतून सुटलेले रातकिडे इंदूच्या चुलीमागे जाऊन बसले होते, ते तिने आणि इंदूने एकेक करून धरले होते. ती मडके पोटाशी धरून बसायची, अंगाच्या उबेने ते अधूनमधून वाजायचे. "हे येतीन त मी येईन," म्हणाली.

मी तिथेच उभा राहिलो. सव्वा महिना मी तुला पत्रे लिहिली, धमक्या दिल्या, पेट्या पाठवल्या. आईला काय हवे ते तू मला लिहून सांगितले होतेस, तरी मी तिला ते विचारले नव्हते. तू विचारले होतेस, पण ते जपायची रीत तुझी अशी की तिची खाट पेटावी. दोघांपैकी कोणाला जास्त बोलावे हे मला ठरवता आले नाही, म्हणून मडके उचलले.

बसमध्ये आईने ते मांडीवर घेतले. इंजिनाच्या उबेने सगळे एकदम वाजू लागले. कंडक्टर म्हणाला, "आजी, ट्रान्झिस्टर बंद करा." आई म्हणाली, "बटन माह्याजवळ नाही बापा." अख्खी बस हसली. मी हसलो नाही.

मला हसू का आले नाही ते सांगतो. तू मला खोटे लिहिलेस. ते किडे जिवंत होते, उड्या मारत होते, तू सुपाने गोळा करत हसत होतास, आणि इथे मी रोज सकाळी हात जोडून मुका उभा होतो. मला टोचावे म्हणून. देवराव, तुझा हात भाजला त्याचे मला दुःख आहे. तू आत गेलास, खाट ओढून काढलीस, ते इंदूने लिहिले नसते तर मी हे पत्रही लिहिले नसते. पण ज्या जागी माणूस एकटा उभा असतो तिथे जाऊन टोचायचे नसते. त्या रागाला अजून वेळ लागेल. राग गेला असे समजून येऊ नकोस. तरी ये.

आता पुढचे. आई इथेच राहील. हे मी ठरवले नाही, तिने ठरवले आहे, मी फक्त पाळतो आहे. मडक्यातल्या किड्यांपैकी एकही भैयाजीच्या पाखराला मिळणार नाही, त्याला तसे सांग. ते आईचे आहेत. त्यांची पिल्ले झाली तर तीही आईची. तुझा धंदा मी बंद कर म्हणत नाही. कोंबडीला पेटीतून उठव, पेटी धुऊन वाळव आणि मी लिहिले होते तसे कर. तीन टब नकोत, एकच. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर रुपराव मोठी पेटी करून देईल. फ्यूजला हात लावायचा नाही. तो उडाला तर त्याला शिवी देऊ नकोस, काय तापले ते शोध.

माझ्या घरची पेटी आईच्या खोलीच्या बाहेर, ओसरीवर, खिडकीखाली आहे. रुपरावने मेनपासून तिथपर्यंत नवी वायर टाकली, तिच्यासाठी वेगळा बारीक फ्यूज बसवला. शुक्रवारी दिवसभर रिकामी पेटी चालवून पाहिली. पडद्याला हात लावला, टबाच्या कडेला हात लावला, कागदाला हात लावला. सगळे कोमट. पारा तिसावर थांबला. तरीही किडे आत सोडायची हिंमत होईना. तुझा कापलेला प्लग मी फेकला नाही. ओसरीच्या खिळ्याला टांगला आहे, बटणाच्या वरच, म्हणजे बटण दाबणाऱ्याला आधी तो दिसेल.

शनिवारी सकाळी विहारात गेलो. पहिल्या शीलापासून शेवटच्यापर्यंत सगळी म्हटली, मोठ्याने. शेजारी उभे असलेल्या चंपतरावांनी वळून पाहिले. घरी येऊन मडक्याचे तोंड सोडले. किडे गारठलेले, एकमेकांवर पडलेले, पाय वर करून, तू लिहिले होतेस तसेच. आई खिडकीला तोंड लावून आत बसली होती. "मेले का गा?" तिने विचारले. मी म्हटले, "पाहू." त्यांना हलक्या हाताने टबात ठेवले, जाळी लावली, आणि ज्या हाताने तुझा प्लग कापला त्याच हाताने हा लावला.

बराच वेळ काही झाले नाही. कांता भाजी निवडायची सोडून ओसरीवर येऊन बसली. मग ट्रेच्या आड कोणीतरी पाय झाडला. मग एक वाजला, अडखळत, थांबत. मग दुसऱ्याने त्याला उत्तर दिले.

"बोलली रात," आई म्हणाली. काठी भिंतीला लावली, कुशीवर आडवी झाली, आणि दिवसाढवळ्या, ऊन खिडकीत असताना, घोरायला लागली.

ती उठेपर्यंत मी बटणाजवळ बसून होतो.

तुझा दादा,
लहानू